खानाचे टी. ए. बिल

मादागास्करच्या बाजूला हत्ती पंजात धरून उडणारा रुख पक्षी आहे, असे कानावर येताच कुबलाईखानाने तेराव्या शतकात चौकशीला माणसे धाडली. मार्को पोलो सांगतो. पक्षी काही मिळाला नाही. पुरावा म्हणून ९० विती लांबीचे पीस मात्र आले. खान खूश! वर बक्षिसे! (मला टॅक्सीच्या साडेसात रुपयांसाठी दोनदा खुलासा लिहावा लागला होता.) पीस म्हणजे बहुधा राफिया ताडाची झावळी, असे पुढे हेन्री यूलने सुचवले.

गंमत म्हणजे, आठेक लिटर मावेल एवढे अंडे घालणारा पक्षी मादागास्करात खरोखरच होता. १८५१ साली ती अंडी पॅरिसच्या पंडितांपुढे आली. पण तो बिचारा उडतच नव्हता! ते अंडे नेले असते, तर खानाने पहिले विचारले असते, "पीस कुठाय?"