पियानो ॲक्शनची रचना आणि देखभाल

पियानो ॲक्शन ही पियानो या वाद्यातील पट्टी आणि तार यांना जोडणारी तरफांची यांत्रिक रचना होय. वादकाने पट्टी दाबली की ही यंत्रणा फेल्टने मढवलेली हातोडी तारेकडे फेकते, हातोडी तारेला लागण्याच्या क्षणभर आधी तिला मोकळी करते आणि पट्टी सोडल्यावर तारेचा नाद थांबवते. आधुनिक पियानोत साधारणतः ८८ पट्ट्या असतात व प्रत्येक पट्टीसाठी ही रचना स्वतंत्रपणे केलेली असते. त्यामुळे एका वाद्याच्या ॲक्शनमध्ये लाकूड, लोकर, चामडे आणि धातू यांचे हजारो लहान भाग असतात. वापराने हे भाग झिजतात आणि हवामानाने फुगतात किंवा आकसतात. म्हणून एखादा भाग किती सहज जुळवता, काढता आणि बदलता येतो, यावर वाद्याचे आयुष्य बरेचसे अवलंबून असते. पियानोच्या तीनशे वर्षांच्या इतिहासात वादनाचा प्रतिसाद सुधारण्याबरोबरच देखभाल सुलभ करण्याचेही अनेक प्रयत्न झाले. त्यांपैकी काही टिकले, तर काही फसले.

कार्यपद्धती

हार्मोनियममध्ये पट्टी थेट हवेची झडप उघडते, त्यामुळे तेथील यंत्रणा साधी असते. पियानोत मात्र पट्टीची हालचाल हातोडीपर्यंत अनेक टप्प्यांनी पोहोचते. पट्टीच्या मागील टोकावरील कॅपस्टन स्क्रू 'विपेन' नावाची तरफ उचलतो. विपेनवरील 'जॅक' हा काटकोनी तुकडा हातोडीला ढकलतो. ग्रँड पियानोत पट्टी सुमारे १० मिलिमीटर खाली जाते, तर तेवढ्या वेळात हातोडी सुमारे ४५ मिलिमीटर अंतर कापते. पट्टीची गती अशी चारपाच पटींनी वाढत असल्याने, पट्टीकडील लहानशी त्रुटीही हातोडीपाशी मोठी होऊन जाणवते.

हातोडी तारेपासून साधारण दीड ते तीन मिलिमीटरवर आली की जॅक बाजूला सरकतो आणि उरलेले अंतर हातोडी स्वतःच्या वेगाने पार करते. या क्रियेस 'एस्केपमेंट' म्हणतात. जॅक सरकला नाही, तर हातोडी तारेला चिकटून राहते आणि नाद दबतो. परतणारी हातोडी पुन्हा उसळून तारेला लागू नये म्हणून तिला अडवणारी 'चेक' नावाची गादी असते. नाद थांबवण्याचे काम 'डँपर' करतात.

सांधे आणि त्यांची झीज

ॲक्शनमधील बहुतेक हलणारे भाग एकाच प्रकारच्या सांध्यावर फिरतात. 'फ्लँज' नावाचा लहान लाकडी तुकडा स्क्रूने आडव्या पट्टीवर घट्ट बसवलेला असतो. त्याच्या दोन कानांतील छिद्रांना लोकरीच्या विणलेल्या कापडाचे अस्तर असते. या अस्तराला 'बुशिंग' म्हणतात. त्यातून जाणारी धातूची बारीक 'सेंटर पिन' हलत्या भागाच्या लाकडात घट्ट रुतलेली असते आणि बुशिंगमध्ये फिरते. या सांध्याला तेल लागत नाही. उलट तेल टाकल्यास कापड व लाकूड दोन्ही बिघडतात.

सांधा सैल झाला तर हातोडी डगमगते आणि खटखट आवाज येतो. तो घट्ट झाला तर पट्टी जड होते किंवा दाबल्यावर वर येत नाही. यावरील उपाय फार पूर्वीपासून ठरलेला आहे. सेंटर पिना क्रमांकानुसार मिळतात. २० क्रमांकाच्या पिनेचा व्यास १.२७ मिलिमीटर असतो आणि प्रत्येक अर्ध्या क्रमांकामागे तो सुमारे ०.०२५ मिलिमीटरने वाढतो. सैल सांध्यात पुढच्या मापाची पिन घालतात. घट्ट सांध्याच्या बुशिंगवर पाणी आणि अल्कोहोल यांच्या मिश्रणाचा थेंब सोडतात. ओले कापड फुगून पिन व लाकूड यांच्यामध्ये दाबले जाते आणि वाळल्यावर थोडे आकसून पिनेला मोकळीक देते. थोडक्यात, कापडी बुशिंग बिघडते खरे, परंतु साध्या साधनांनी ते दुरुस्तही होते.

हातोड्यांच्या फेल्टमध्ये तारांच्या आघाताने खाचा पडतात व फेल्ट कडक होते. ते घासून पूर्ववत आकारात आणावे लागते आणि सुईने टोचून मऊ करावे लागते. याखेरीज लोकरीला कसर लागते, उंदीर फेल्ट कुरतडतात, स्प्रिंगांना गंज चढतो आणि चामडे कडक होते.

आरंभीची वाद्ये

पियानोचा जनक मानला जाणारा बार्तोलोमेओ क्रिस्तोफोरी हा फ्लॉरेन्समध्ये मेदिची घराण्याच्या सेवेत होता. त्याच्या वाद्याचा उल्लेख १७०० सालच्या एका यादीत आढळतो. १७२०, १७२२ आणि १७२६ या वर्षांची त्याची तीन वाद्ये आज अनुक्रमे न्यूयॉर्क, रोम व लाइपझिग येथील संग्रहालयांत आहेत. एस्केपमेंट आणि चेक या दोन्ही कल्पना त्याच्याच.

अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात लंडनमध्ये योहानेस झुम्पे याने बनवलेल्या लहान चौकोनी पियानोंत हातोड्या चामड्याच्या बिजागरीवर हलत असत. असे चामडे फाटले की ते कापून, नवे सरसाने चिकटवावे लागे. इतर काही जुन्या वाद्यांत अनेक हातोड्या एकाच लांब तारेवर ओवलेल्या असत. त्यांपैकी एक काढायची झाल्यास इतरांनाही हलवावे लागे. व्हिएन्ना पद्धतीच्या वाद्यांत हातोडी थेट पट्टीवर बसवलेली असल्याने पट्टीबरोबर हातोडीही बाहेर काढता येत असे. पुढे प्रत्येक भागाला स्वतंत्र फ्लँज आणि स्वतंत्र स्क्रू देण्याची पद्धत रूढ झाली. देखभालीच्या दृष्टीने हा मोठा टप्पा होता, कारण त्यामुळे शेजारच्या भागांना धक्का न लावता एकच हातोडी काढता येऊ लागली.

एकोणिसाव्या शतकातील सुधारणा

सेबास्तियाँ एरार याच्या दुहेरी एस्केपमेंटचे पेटंट १८२१ मध्ये लंडन येथे घेण्यात आले. यामुळे पट्टी पूर्ण वर येण्यापूर्वीच तोच स्वर पुन्हा वाजवता येऊ लागला. मात्र त्यासाठी आणखी एक तरफ आणि एक नाजूक स्प्रिंग वाढली. या स्प्रिंगचा ताण पूर्वी ती हाताने वाकवूनच जुळवावा लागे. नंतरच्या काही यंत्रणांत त्यासाठी लहान स्क्रू देण्यात आला. १८२६ मध्ये झाँ-आँरी पाप याने हातोडीवर चामड्याऐवजी फेल्ट वापरण्याचे पेटंट घेतले.

उभ्या, म्हणजे अपराइट पियानोत रॉबर्ट वॉर्नम याची 'टेप-चेक' रचना महत्त्वाची ठरली. तिचे पेटंट १८४२ चे आहे. या रचनेत हातोडी आणि विपेन एका कापडी फितीने जोडलेले असतात. ही फीत हातोडीच्या परतण्यास मदत करते. त्याशिवाय ॲक्शन बाहेर काढताना विपेन खाली लोंबकळून अडकू नयेत, हाही तिचा उपयोग असतो. जुन्या फिती कुजून तुटतात. त्यांच्या बदली मिळणाऱ्या फितींना बुचाचे टोक किंवा स्प्रिंगची चाप असते, त्यामुळे हातोडी न काढताही त्या बसवता येतात.

याच शतकाच्या अखेरीस अमेरिकेतील अनेक अपराइट पियानोंत हातोड्या पितळी पट्टीला लहान पितळी पाती व स्क्रू यांनी जोडलेल्या असत. एक स्क्रू सैल केला की हातोडी सुटत असे. परंतु कालांतराने पितळी पट्टीचे बारीक दात ठिसूळ होऊन मोडू लागले. मोडलेला दात हा अखंड पट्टीचाच भाग असल्याने तो वेगळा बदलता येत नव्हता. याउलट, सेंटर पिन लहान पितळी पात्याने दाबून धरणारी रचना पुढेही टिकली. तीत पाते सैल केले की पिन बदलता येते.

ॲक्शन बाहेर काढण्याची सोय

एकेका भागाइतकेच संपूर्ण ॲक्शन बाहेर काढता येणेही महत्त्वाचे असते. ग्रँड पियानोत पुढील फळी व दोन्ही बाजूंचे ठोकळे काढल्यावर पट्ट्यांसह ॲक्शन खणासारखी पुढे ओढता येते. अपराइट पियानोत वरच्या बाजूचे काही स्क्रू सोडवून ती उचलून घेतात.

स्पिनेट हा १९३० च्या दशकात लोकप्रिय झालेला बुटका पियानो याला अपवाद आहे. वाद्याची उंची कमी ठेवण्यासाठी त्यात ॲक्शन पट्ट्यांच्या पातळीखाली नेली आणि प्रत्येक पट्टी उभ्या दांड्याने तिला जोडली. परिणामी ॲक्शन काढायची असल्यास प्रत्येक पट्टीचा जोड स्वतंत्रपणे सोडवावा लागतो. १९४० आणि १९५० च्या दशकांत या जोडांतील कोपरे तत्कालीन प्लॅस्टिकचे केले गेले. ते ठिसूळ होऊन तुकडे पडू लागल्यावर खटक्याने बसणारे बदली कोपरे बाजारात आले. हे कोपरे सेंटर पिन न काढता चढवता येतात. मूळ भाग बनवताना न झालेला देखभालीचा विचार येथे बदली भाग बनवताना करावा लागला.

टेफ्लॉन बुशिंगचा प्रयोग

देखभाल कमी करण्याच्या प्रयत्नांत सर्वाधिक चर्चा झालेला प्रयोग स्टाइनवे कंपनीच्या न्यूयॉर्क कारखान्याचा आहे. १९६२ मध्ये तेथे लोकरीच्या बुशिंगऐवजी टेफ्लॉनची नळी वापरण्यास सुरुवात झाली. टेफ्लॉन ओलावा शोषत नाही, त्याला कसर लागत नाही आणि त्याचे घर्षण अत्यल्प असते. त्यामुळे सांध्यांची कटकट कायमची मिटेल, अशी अपेक्षा होती.

प्रत्यक्षात टेफ्लॉन स्थिर राहिले, तरी त्याभोवतीचे लाकूड पूर्वीप्रमाणेच फुगत व आकसत राहिले. लोकरीचे कापड लवचिक असल्याने हा बदल सामावून घेत असे. कठीण नळीला ते शक्य नव्हते. ऋतुमानाप्रमाणे सांधे कधी सैल, कधी घट्ट होऊ लागले आणि वाजवताना टिकटिक ऐकू येऊ लागली. शिवाय तंत्रज्ञांच्या नेहमीच्या युक्त्या येथे चालत नव्हत्या. टेफ्लॉन पाण्या-अल्कोहोलाने आकसत नाही. त्यासाठी वेगळी हत्यारे आणि वेगळ्या मापांच्या नळ्या लागत. १९८० च्या दशकाच्या आरंभी कंपनी पुन्हा कापडी बुशिंगकडे वळली. कमी घर्षणाचा लाभ मिळावा म्हणून कापडावर टेफ्लॉनची प्रक्रिया करण्यात आली. सांध्यातील एकच पदार्थ बदलला तर शेजारच्या पदार्थांशी त्याचे नाते बिघडू शकते, याचे उदाहरण म्हणून हा प्रयोग सांगितला जातो.

कृत्रिम पदार्थांचे भाग

जपानमधील कावाई कंपनीने १९७० च्या दशकात एबीएस प्लॅस्टिकचे भाग वापरण्यास आरंभ केला. पूर्वीच्या ठिसूळ प्लॅस्टिकच्या अनुभवामुळे अनेक तंत्रज्ञांना त्यांविषयी शंका होती. परंतु एबीएस हा त्याहून बराच चिवट पदार्थ आहे. २००२ मध्ये याच कंपनीने कार्बन तंतूंनी बळकट केलेल्या एबीएसची ॲक्शन आणली. अमेरिकेत काचतंतूयुक्त नायलॉनचे भाग तयार होतात. अशा रचनेत फ्लँजच ओलाव्याने फारसा बदलत नसल्याने तेथे कठीण बुशिंगही वापरता येते. टेफ्लॉनच्या प्रयोगातील मूळ अडचण येथे सांध्याचे दोन्ही बाजूंचे पदार्थ बदलून टाळली आहे. लाकडी भाग तासता, चिकटवता व जुळवता येतो. कृत्रिम भाग मोडल्यास बहुधा तसाच दुसरा भाग मिळवावा लागतो. म्हणून बदली भाग दीर्घकाळ उपलब्ध राहणे हे येथे निर्णायक ठरते.

उष्ण व दमट हवामान

पियानोसाठी ४० ते ५० टक्क्यांच्या आसपास स्थिर सापेक्ष आर्द्रता योग्य मानली जाते. मुंबई, गोवा आणि कोकण किनाऱ्यावर पावसाळ्यात ती अनेकदा ८० टक्क्यांच्या वर असते. अशा हवेत बुशिंग फुगून पट्ट्या अडकणे, स्प्रिंगांना गंज चढणे आणि फेल्टला बुरशी येणे हे दोष नेहमी आढळतात.

प्राण्यांच्या कातड्या-हाडांपासून केलेला सरस हा जुन्या पियानोंतील प्रमुख चिकट पदार्थ होय. उष्णता व ओलावा मिळाला की तो सुटतो, म्हणून जुना सांधा न मोडता उकलता येतो. दुरुस्तीसाठी सोयीचा असा हा गुण दमट हवेत मात्र दोष ठरतो. त्यामुळे भारतासारख्या देशांकडे पाठवण्यासाठी युरोपीय निर्माते विशेष वाद्ये बनवत. त्यांत महत्त्वाचे जोड सरसाबरोबर स्क्रू किंवा तारेनेही पक्के केलेले असत. वाद्याच्या आत बसवायची लहान विद्युत तापदांडी हा ओलावा कमी करण्याचा आजचा एक उपाय आहे. ती कोरड्या ऋतूत बंद ठेवणे आवश्यक असते, अन्यथा लाकूड अति वाळून सांधे सैल होतात.

देखभालसुलभ रचनेची लक्षणे

वरील इतिहासातून देखभालीस सोयीच्या ॲक्शनची काही सामान्य लक्षणे स्पष्ट होतात. झिजणारा भाग लहान, स्वस्त आणि स्वतंत्रपणे बदलता येण्याजोगा असावा. जुळवणी वाकवून किंवा तासून करण्याऐवजी स्क्रूने करता यावी, म्हणजे चूक झाल्यास ती मागे घेता येते. जुळवणीचे स्क्रू ॲक्शन वाद्यातच असताना हाताशी यावेत. मापे प्रचलित असावीत, जेणेकरून निर्माता बंद पडला तरी दुसऱ्याचा भाग बसेल. सांध्यातील पदार्थ ओलाव्याला सारखाच प्रतिसाद देणारे किंवा एकमेकांचा बदल सामावून घेणारे असावेत.

चांगल्या पियानोचा वापर अनेकदा एका पिढीनंतरही चालू राहतो. तोवर त्याच्या ॲक्शनमधील फेल्ट, बुशिंग आणि पिना एकदा तरी बदलल्या गेलेल्या असतात. झिजल्यावर सहज बदलता येणारा भाग हा न झिजणाऱ्या, परंतु बिघडल्यास दुरुस्त न होणाऱ्या भागापेक्षा वाद्याला अधिक काळ वाजते ठेवतो.