डब्यावरचा त्रिकोण

1958 मध्ये केरळात साधं जेवण जेवून उठलेली माणसं काही तासांतच आजारी पडून दगावू लागली. शंभराहून अधिक जीव गेले. तपासात कारण सापडलं ते पॅराथिऑन नावाच्या कीटकनाशकाचं. पिठाच्या गोण्या आणि हे विष एकाच जहाजातून आलं होतं. विष गळलं, गोण्यांत मुरलं, आणि पीठ मात्र नेहमीसारखंच दिसत राहिलं.

चौकशीसाठी नेमलेल्या आयोगाचं काम मुंबई उच्च न्यायालयाचे न्यायमूर्ती जे. सी. शाह यांच्याकडे आलं. हेच शाह पुढे देशाचे सरन्यायाधीश झाले, आणि आणीबाणीनंतरच्या शाह आयोगामुळे घराघरांत पोहोचले. त्यांच्या या आधीच्या कामाची आठवण मात्र आज फारशी कोणी काढत नाही. वास्तविक शेतकऱ्याच्या हातातल्या प्रत्येक औषधाच्या डब्यावर जो रंगीत त्रिकोण दिसतो, त्याची गोष्ट केरळातल्या त्या मृत्यूंपासून सुरू होते.

त्याआधी विषाचा कायदा नव्हता असं नाही. 1919 चा विष कायदा होता, आणि विषाच्या भांड्यांवर चिठ्ठी लावण्याबाबत नियम करण्याची मुभाही त्यात होती. पण त्या कायद्याच्या डोळ्यासमोर होता सोमल. सोमल घालून माणसं मारली जात, कातड्यासाठी गुरं मारली जात, म्हणून विकणाऱ्यावर आणि बाळगणाऱ्यावर नजर ठेवायची, असा तो हिशेब. रोज सकाळी पाठीवर पंप अडकवून पोटासाठी विष फवारणारा माणूस त्या कायद्याला ठाऊकच नव्हता. दुसऱ्या महायुद्धानंतर डीडीटी, बीएचसी आणि त्यापाठोपाठ पॅराथिऑनच्या जातीची रसायनं आली, तेव्हा हा माणूस लाखोंच्या संख्येने उभा राहिला.

1968 मध्ये कीटकनाशक कायदा झाला आणि 1971 मध्ये त्याचे नियम आले. त्यातला एकोणिसावा नियम लेबलाचा, आणि तो बारकाईने वाचण्यासारखा आहे. लेबलावर एक चौकोन कोनावर उभा करायचा, म्हणजे शंकरपाळ्यासारखा, आणि मधोमध आडवा दुभागायचा. वरच्या त्रिकोणात इशारा, खालच्यात रंग. सर्वांत जहाल विषाला भडक लाल रंग, वर कवटी आणि हाडं, शिवाय ‘विष’ हा शब्द. त्याखालची पायरी पिवळी. तिथेही ‘विष’ लिहायचं, पण कवटी नाही. मग निळा, त्यावर ‘धोका’. शेवटी हिरवा, त्यावर ‘सावधान’. रंग ठरतो तो प्रयोगशाळेतल्या जनावरांवरून: निम्मी जनावरं मरायला वजनाच्या दर किलोमागे किती मिलिग्रॅम विष पोटात जावं लागतं? 50 पर्यंत असेल तर लाल, 500 पर्यंत पिवळा, 5000 पर्यंत निळा, त्यापुढे हिरवा. कातडीतून भिनणाऱ्या विषासाठी वेगळे आकडे आहेत.

या शंकरपाळ्याने लेबलाच्या दर्शनी भागाचा निदान सोळावा हिस्सा व्यापावा, असंही नियम सांगतो. आता एखादी छोटी बाटली घ्या. लेबल 8 सेंटिमीटर रुंद आणि 6 सेंटिमीटर उंच असेल, तर सोळावा हिस्सा होतो 3 चौरस सेंटिमीटर. त्यातला निम्मा रंगाचा, म्हणजे दीड. हिंदी, इंग्रजी आणि विक्रीच्या भागातली एक-दोन भाषा यांत मजकूर छापणंही बंधनकारक आहे. भाषांची ही अट न्यायाचीच, पण तेवढ्याच कागदावर तीन भाषा बसवल्या की मराठीच्या वाट्याला मुंगीएवढी अक्षरं येतात.

याच नियमांतलं एक कलम मात्र मनापासून दाद देण्याजोगं. ‘सुरक्षित’, ‘बिनविषारी’, ‘निरुपद्रवी’ असले शब्द लेबलावर छापायलाच मनाई आहे, मग पुढे ‘सूचनेनुसार वापरल्यास’ अशी पुस्ती जोडली तरीही. हा कायदा फक्त शेतापुरता नाही. डासांची कॉइल, भिंतीच्या प्लगमधलं द्रव, झुरळांचा फवारा, उंदरांचं औषध, सगळ्यांना तो लागू आहे. स्वयंपाकघरातल्या ओट्याखाली ठेवलेला फवाऱ्याचा डबा उलटून पाहिला, तर तिथेही तोच शंकरपाळा सापडतो. नोंदणीशिवाय रस्त्यावर विकल्या जाणाऱ्या डासांच्या अगरबत्त्यांवर तो नसतो, आणि त्या पेटवल्या जातात त्या बहुधा लहान मुलं झोपतात त्याच खोलीत.

या त्रिकोणाची खरी परीक्षा झाली ती 2017 च्या खरिपात, यवतमाळ जिल्ह्यात. कपाशीवर फवारणी करताना वीसहून अधिक शेतकरी आणि शेतमजूर दगावले, शेकडो दवाखान्यात भरती झाले. राज्य सरकारने विशेष तपास पथक नेमलं आणि विदर्भातल्या काही जिल्ह्यांत पाच कीटकनाशकांच्या विक्रीवर तात्पुरती बंदी घातली. त्यांत मोनोक्रोटोफॉस होतं, लाल त्रिकोणाचं. पण पाचही काही लाल नव्हती. प्रोफेनोफॉसचा रंग पिवळा. म्हणजे ज्या औषधांनी माणसं आडवी झाली असा सरकारलाच संशय होता, त्यांतली काही रंगाच्या शिडीवर खालच्या पायऱ्यांवर बसलेली होती.

हे असं का व्हावं? श्वासावाटे आत जाणाऱ्या तुषारांसाठी या तक्त्यात रकानाच नाही. डोक्याएवढ्या वाढलेल्या कपाशीत, वारा अंगावर घेत, दिवसच्या दिवस फवारणारा मजूर उंदराच्या एका मात्रेत मावत नाही. पंपात दोन-तीन औषधं एकत्र ओतली की त्या मिश्रणाला कोणताच त्रिकोण उरत नाही. आणि वर्षांनंतर उमटणारा परिणाम तर या हिशेबाबाहेरच राहतो. मॅन्कोझेब हे बुरशीनाशक द्राक्षबागायतदारांच्या रोजच्या ओळखीचं. पोटातल्या मात्रेच्या हिशेबाने ते शिडीच्या अगदी तळाशी येतं. युरोपीय संघाने 2020 मध्ये त्याची परवानगी वाढवायचं नाकारलं ते प्रजननावरच्या आणि संप्रेरकांवरच्या परिणामांमुळे.

जगात याला उपाय निघाला आहे. 2003 मध्ये संयुक्त राष्ट्रांनी रसायनांच्या वर्गीकरणाची आणि लेबलांची जागतिक पद्धत जाहीर केली. त्यात लाल कडेचे चौकोन आहेत, आणि दीर्घकाळाने होणाऱ्या आजारांसाठी माणसाच्या छातीवर फुटलेल्या ताऱ्याचं वेगळं चिन्ह आहे. युरोपने 2008 च्या कायद्याने ती स्वीकारली. तिथल्या फरशी पुसायच्या बाटलीवरही ही चिन्हं दिसतात. आपल्या शेतातल्या डब्यावर अजून 1971 चाच रंग आहे. कीटकनाशक व्यवस्थापनाचं नवं विधेयक 2020 मध्ये राज्यसभेत मांडलं गेलं. मोनोक्रोटोफॉसच्या 36 टक्के द्रावणाला टप्प्याटप्प्याने बाजारातून काढण्याचा केंद्राचा आदेश निघाला 2023 मध्ये, यवतमाळनंतर सहा वर्षांनी.

लेबलाचा आणखी एक वाचक असतो: अपघात विभागातला डॉक्टर. लेबलावर उतारा छापणं नियमाने सक्तीचं आहे, कारण ऑर्गनोफॉस्फेट असेल तर अ‍ॅट्रोपिन देता येतं, आणि फिप्रोनिलसारख्या रसायनावर नेमका उतारा असा नाहीच. रंगावरून हा फरक कळत नाही. त्यासाठी रसायनाचं नाव वाचावं लागतं. माहितीपत्रक मात्र खोक्यासोबत बांधावर टाकलेलं असतं, आणि ज्या मजुराने फवारणी केली त्याच्या हातात अनेकदा बाटली आलेलीच नसते. मालकाने टाकीत कालवून दिलेलं पाणी तेवढं आलेलं असतं. यवतमाळसारख्या ठिकाणी रुग्णासोबत आलेल्या नातेवाइकाला डॉक्टर पहिला प्रश्न विचारतात तो हाच, की डबा आणलाय का?