भूदानाची बेरीज

वर्ध्याहून नागपुराकडे जातांना धाम नदीच्या तीरावर पवनार लागतें. येथील आश्रमांतून आचार्य विनोबा भावे १२ सप्टेंबर १९५१ रोजीं दिल्लीकडे पायीं निघाले, आणि तेलंगणांत आरंभलेल्या भूदानास देशव्यापी रूप येऊं लागलें. या चळवळीचा हिशेब मांडणारे लेखक बहुधा शेवटीं एकच प्रश्न विचारतात: एकंदर जमीन किती मिळाली? आमच्या मतें हा प्रश्न अपुरा आहे. तो अपुरा कां, हें समजण्यासाठीं संख्याशास्त्राची थोडी वाट चालणें अवश्य आहे. वाचकांनीं त्यास कंटाळूं नये. खुद्द विनोबांस गणिताची मोठी आवड होती.

माणसांची उंची सरासरीच्या आसपास घोटाळते. सरासरीच्या दसपट उंच असा मनुष्य कोणी पाहिलेला नाहीं. जमीन, संपत्ति आणि मालाचा खप यांचें मात्र तसें नाहीं. विल्फ्रेडो पारेतो या इटालियन अर्थशास्त्रज्ञानें १८९६-९७ सालच्या आपल्या ग्रंथांत करांच्या नोंदींवरून असें दाखविलें कीं, उत्पन्न जसजसें वाढतें तसतशी तें मिळविणारांची संख्या एका विशिष्ट प्रमाणानें घटत जाते. परंतु ती एकदम संपत नाहीं. आलेखावर ही रेषा निमुळती होत दूरवर पसरते, म्हणून तिला लांब शेपूट म्हणतात. व्यापारांत हाच शब्द उलट्या टोकासाठीं रूढ झाला आहे. ख्रिस अँडरसन या संपादकानें २००४ सालीं असें मांडलें कीं, थोडा थोडा खप असलेल्या असंख्य वस्तूंची शेपटी एकत्र केली, तर ती मोजक्या लोकप्रिय वस्तूंच्या तोडीची ठरूं शकते. वस्तुस्थिति एकच, संख्याशास्त्रज्ञ विरळ थोरांकडे पाहतो, व्यापारी असंख्य लहानांकडे.

आतां भूदानाकडे वळूं. शिवरामपल्ली येथील सर्वोदय संमेलनासाठीं विनोबा १९५१ च्या मार्चमध्यें वर्ध्याकडूनच पायीं निघाले होते. संमेलनानंतर १८ एप्रिल रोजीं नळगोंडा जिल्ह्यांतील पोचमपल्ली येथें भूमिहीन दलितांनीं त्यांच्यापाशीं ८० एकरांची मागणी केली, आणि रामचंद्र रेड्डी यांनीं १०० एकर देऊं केले. तेलंगणाच्या ५१ दिवसांच्या यात्रेंत १२,२०१ एकर मिळाले, म्हणजे दिवसास सुमारें २३९. परंतु ही सरासरी देणाऱ्याविषयीं आपणांस कांहींच सांगत नाहीं. कल्पना करा कीं, ९९ शेतकऱ्यांनीं एकेक एकर दिला आणि एका जमीनदारानें ९०१. बेरीज हजार, सरासरी दहा. पण दहा एकर देणारा मनुष्य त्या गांवांत एकही नाहीं! बेरजेच्या दृष्टीनें ते ९९ जण नसते तरी फारसें बिघडत नाहीं. माणसांच्या दृष्टीनें पाहिलें तर तेच सारें गांव आहेत.

विनोबांची मागणी सहाव्या हिश्शाची होती. घरांत पांच मुलगे असतील तर मला सहावा समजा, असें ते म्हणत. या मागणींतील गणित लक्षांत घेण्याजोगें आहे. तीनशें एकरवाला पन्नास देईल, सहा एकरवाला एक देईल. दानांचें प्रमाण पन्नासास एक. दानानंतर उरलेल्या जमिनीचें प्रमाण अडीचशें व पांच, म्हणजे पुन्हां पन्नासास एकच. दात्यांमधील विषमता एका रेसानेंही कमी होत नाहीं. जो बदल व्हावयाचा तो दान भूमिहीनाच्या हातीं पडल्यावरच. मात्र या मोजमापानें एक एकर देणारा आणि पन्नास देणारा सारखेच दाते ठरतात. एकरांच्या वहींत जो लहान, तो हिश्शाच्या वहींत समान.

आणि इतिहासांत घडलें काय? १९५७ पर्यंत पांच कोटी एकर मिळविण्याचा संकल्प होता. मिळाले ४० लाखांहून थोडे अधिक, त्यांतील निम्म्याच्या आसपास एकट्या बिहारांत. त्यांपैकीं पुष्कळशी जमीन खडकाळ, जंगली किंवा तंट्यांत सांपडलेली निघाली, आणि मोठा भाग वांटलाच गेला नाहीं. या बेरजेवरून कोणी चळवळीस निष्फळ म्हणतात, तर कोणी लाखांचे आकडे पाहून धन्यता मानतात. आम्हांस दोन्ही पक्ष एकाच चुकीचे भागीदार वाटतात. सारीं दानें एका बेरजेंत घातलीं कीं पडीक माळ देणारा थोर आणि पोटाला चिमटा घेऊन कसदार तुकडा देणारा लहान, हे दोघे एकमेकांत मिसळून जातात: पहिल्याची लबाडी झांकते आणि दुसऱ्याचा त्याग पुसला जातो.

म्हणून इतिहासकारानें दोन वह्या ठेवाव्या. पहिलींत भूमिहीनाच्या हातीं खरोखर किती जमीन पडली तें लिहावें, कारण भुकेचा प्रश्न त्यागाच्या कौतुकानें सुटत नाहीं. दुसरींत आपल्याजवळील किती हिस्सा कोणी दिला तें लिहावें. पहिलींत अपयश दिसेल, आणि तें कबूल केलें पाहिजे. परंतु त्याचा दोष कोणाच्या माथीं, हें दुसरी वही उघडल्यावांचून सांगतां येणार नाहीं.

हा प्रश्न जुना झालेला नाहीं. २०१५-१६ च्या कृषिगणनेप्रमाणें देशांतील शेंकडा सुमारें ८६ वहितदार दोन हेक्टरांच्या आंतील आहेत, आणि त्यांच्याकडे वहितीची शेंकडा सुमारें ४७ जमीन आहे. सरासरी शेतकरी म्हणून जो आपण कागदावर उभा करतों, त्याच्यासाठीं योजना आखणें सोपें असतें. परंतु शेपटीच्या टोकास उभा असलेला खरा शेतकरी त्या कागदावर क्वचितच सांपडतो.