एक मिसकॉल मारा

खिशातला तो महागडा फोन बंदच करून टाका. त्याला इथं रेंज मिळायची नाही. ऑगस्ट 2011 चालू आहे आणि पुणे-नगर रस्त्यावर वाडेगव्हाण फाट्याला एसटीनं तुम्हाला उतरवलंय. आता राळेगणसिद्धीची जीप धरा. दहाच्या जागेत सोळा जण. तुमच्या मांडीवर कुणाची तरी मेथीची जुडी, मानेवर मागच्याचा श्वास. भुरभुर पाऊस येतो न येतो तोच ऊन चटका देतं. दोन्ही अंगांनी बाजरी.

गावात बिडी-काडी मागू नका, इथल्या दुकानांत ती विकतच नाहीत. वास येतोय तो डिझेलचा. वाहिन्यांच्या गाड्यांचे जनरेटर धडधडताहेत. चिखलानं माखलेल्या सँडलांतली वार्ताहर मुलगी हिंदीत विचारते, आजीबाई ठसक्यात मराठीत सुनावतात, आणि मुलाखत झकास होते!

यादवबाबांच्या देवळाजवळ टीव्हीपुढं ही गर्दी. घुसा. घाम, गुलाल, ओल्या घोंगड्या. पडद्यावर दिल्लीचं रामलीला मैदान, लोकपालासाठी उपोषणाला बसलेले इथलेच अण्णा हजारे, आणि निवेदकाचा एकच घोशा: कैरोचा तहरीर चौक, फेसबुकची क्रांती. शेजारच्या पोराचा फोन बघा. रबरबँडनं बांधलेला, पाचाचं बटण झिजून कोरं झालेलं. त्यावर फेसबुकची निळी पट्टी उघडते आणि तिथंच बसते. तिहार तुरुंगातला अण्णांचा निरोप किरण बेदींनी यूट्यूबवर टाकला, तोही यानं सायबर कॅफेत थांबत थांबत पाहिला. अण्णा अर्धं वाक्य बोलायचे आणि थिजायचे.

मेसेज मात्र धो धो येताहेत. मराठीच, पण इंग्रजी अक्षरांत. देवनागरीत धाडला तर समोरच्याला नुसते चौकोन दिसतात. आणि आंदोलनाचा तो मुंबईचा नंबर! लावायचा, एक रिंग वाजून आपोआप कटतो, पाठिंबा नोंदला जातो, पैसा जात नाही. शहरातल्या पंडितांना ही नवलाई वाटते. मला विचाराल तर ही चाल वस्तीवरची. एक रिंग म्हणजे घरून निघालो, दोन म्हणजे लाइट आली, मोटर चालू कर. फेसबुकचं कौतुक सगळ्या जगानं केलं. रुपया वाचवणाऱ्या या मिसकॉलचं कुणी फारसं केलं नाही.

ओरडा कसला झाला? आज रविवार, 28 तारीख. बारा दिवसांनंतर अण्णांनी नारळपाणी आणि मध घेतलाय. ढोल छातीत वाजतोय, गुलाल दातांत करकरतोय, कुणीतरी तुम्हाला उचलून नाचवतंय. सगळे एकदमच फोन लावतात आणि नेटवर्क बसतं.

नेटवर्क परत आल्यावर पोरगा आपला रबरबँडवाला फोन तुमच्यापुढं धरतो.

"घ्या पाव्हणं, घरी एक मिसकॉल मारा. पोचलो म्हणून कळवा."

तुम्ही फोन घेता. अंगठा बटणावर ठेवता. बायकोचा नंबर काय होता बरं? आईचा?

"अहो, घरचा नंबर पाठ नाही?" पोरगा मागं वळून चुलत्याला हाक मारतो, "नाना, इकडं या, हे बघा काय म्हणताहेत!"