कृष्णा पाणी तंटा लवाद आणि उल्हास नदीचे उन्हाळी पाणी

आंतरराज्य पाणीवाटपाच्या इतिहासात कृष्णेच्या अनुषंगाने सांगली, कोल्हापूर, सोलापूर यांचा उल्लेख हमखास येतो. बदलापूर, अंबरनाथ व उल्हासनगर यांचा सहसा येत नाही. ही तिन्ही शहरे उल्हास खोऱ्यातील असल्याने ते स्वाभाविक वाटते. तथापि पावसाळा सरल्यावर उल्हासला वाहते ठेवणारे बरेचसे पाणी मूळचे कृष्णा खोऱ्यातील आहे. मावळातील आंध्रा नदी इंद्रायणीला मिळते, इंद्रायणी भीमेला आणि भीमा कृष्णेला. टाटा कंपनीने ठोकरवाडी येथे धरण बांधून आंध्रेचे पाणी घाटाखाली वळविले व १९२२ मध्ये भिवपुरी येथे वीजनिर्मिती सुरू केली. वीजगृहातून सुटणारे अवजल उल्हासमध्ये येते.

१९६९ मध्ये न्या. बचावत यांच्या अध्यक्षतेखाली लवाद नेमला गेला, तेव्हा हे पश्चिमेकडे वळविलेले पाणी वादाचा विषय ठरले. खोऱ्याबाहेर गेलेले पाणी खालच्या राज्यांना पुन्हा मिळत नाही, हा आक्षेप वजनदार होता. दुसरीकडे मुंबईचे उद्योग अनेक दशके या विजेवर उभे होते. लवादाने वळवणूक बंद केली नाही, मोकळीही सोडली नाही. १९७६ च्या अंतिम आदेशात महाराष्ट्राला ५६०, कर्नाटकाला ७०० व आंध्र प्रदेशाला ८०० टीएमसी पाणी देण्यात आले. त्याचबरोबर ऊर्ध्व भीमा उपखोऱ्यातून टाटा प्रकल्पांसाठी एका वर्षात ५४.५ आणि सलग पाच वर्षांत २१२ टीएमसीहून अधिक पाणी बाहेर नेण्यास मनाई करण्यात आली.

येथे एक बाब दुर्लक्षित राहते. हा आकडा कमाल मर्यादा आहे, हमी नव्हे. किती पाणी नेऊ नये ते आदेश सांगतो; किती यावेच ते सांगत नाही. वाद राज्याराज्यांतील होता आणि पाण्याची नोंद विजेच्या नावे झाली. घाटाखाली तेच पाणी पिणाऱ्यांचे खाते त्यात उघडलेच नाही. फाळणीनंतर कल्याणच्या लष्करी छावणीत सिंधी निर्वासित आले, १९४९ मध्ये उल्हासनगर वसले, पुढे बदलापूर-अंबरनाथची वस्ती वाढली, ती या प्रवाहाच्या भरवशावर. बारवी धरणाचा आधार नंतर मिळाला.

हे पाणी पूर्वेकडेच ठेवून भीमा खोऱ्यातील दुष्काळी तालुक्यांना द्यावे, अशी मागणी पुणे-सोलापूर भागातून होत आली आहे. ती न्याय्य नाही असे म्हणता येणार नाही. महाराष्ट्राने ती मान्य केल्यास लवादाच्या या मर्यादेचा भंगही होत नाही. मात्र मग महाराष्ट्र जीवन प्राधिकरण बदलापूरच्या बंधाऱ्यातून जे पाणी उचलते, त्याची तरतूद राज्यालाच अन्यत्र करावी लागेल.