बदनाम हत्तीचा रुपया

१९११ साली टांकसाळीतून बाहेर पडलेल्या चांदीच्या एका रुपयाला जुनी नाणी विकणारे 'पिग रुपी' म्हणतात. चोरबाजारात, फोर्टच्या फुटपाथवर किंवा आमच्या घाटकोपर-मुलुंडकडे भरणाऱ्या एखाद्या प्रदर्शनात हे नाव कानावर पडले की आपल्यातला माणूस जरा दचकतोच. मग विक्रेता रंगवून किस्सा सांगतो : बादशहाच्या झग्यावर डुक्कर होते, मुसलमान भडकले, सरकार घाबरले, रुपये वितळवले. किस्सा रंगला की भावही वाढतो. आपल्या कौमच्या नावावर खपवल्या जाणाऱ्या या दास्तानमध्ये हकीकत किती आणि मसाला किती, हे एकदा पाहायला हवे.

६ मे १९१० रोजी सातवा एडवर्ड वारला आणि पाचवा जॉर्ज गादीवर आला. त्याच्या नावाचे पहिले रुपये १९११ सालचे. त्यावरचा मुखवटा बर्ट्राम मॅकेनल या शिल्पकाराचा. बादशहाच्या अंगावर शाही झगा आणि गळ्यात 'ऑर्डर ऑफ द इंडियन एम्पायर' या मानाच्या पदकाची माळ. त्या माळेत हत्ती, मोर, गुलाब असे हिंदुस्तानी अलंकार असत. नाण्यावर त्यातला हत्ती गव्हाच्या दाण्याहूनही लहान झाला. सोंड आखूड, अंग गोलमटोल. साध्या डोळ्यांना तो हत्ती वाटेना, डुक्कर वाटू लागला.

कोलकात्याच्या टांकसाळीने असे ४३ लाख आणि मुंबईच्या टांकसाळीने ५१ लाख ४३ हजार रुपये पाडले होते. त्यांतले जेमतेम ७ लाख लोकांच्या हाती गेले. ओरड झाली तेव्हा यांतलेही पुष्कळसे परत घेतले आणि तिजोरीत पडून असलेल्या रुपयांसह भट्टीत घातले. १९१२ च्या रुपयावर हत्ती नव्याने कोरला गेला, लांब सोंडेचा आणि कुणालाही ओळखू येईल असा.

आता प्रश्न असा की, ओरड कुणाची? काही ठिकाणी फक्त मुसलमानांचे नाव येते. नाणेसंग्राहक ज्याचा आधार घेतात त्या कॅटलॉगात मात्र, हा प्राणी बहुतेक हिंदुस्तानी अपवित्र मानतात म्हणून लोकांनी रुपया नाकारला, असे म्हटले आहे. बाजारात 'बहुतेक हिंदुस्तानी' गळून पडतात आणि 'भडकलेले मुसलमान' तेवढे उरतात. मला हे खटकते. याच मुसलमानांनी राणी व्हिक्टोरियाच्या मुखवट्याचे रुपये कित्येक वर्षे खिशात बाळगले होते, मेहरमध्ये दिले होते. दख्खनच्या सुलतानांच्या राज्यात होन चालत, आणि होनाचेच दुसरे नाव वराह. त्या नावाने कुणाचा व्यवहार अडला नाही. मग १९११ मध्येच काय झाले? माझ्या मते खरी गोष्ट सरकारच्या मनात होती. १८५७ च्या काडतुसांना तेव्हा ५४ वर्षेच झाली होती, गाय आणि डुकराच्या चरबीची ती अफवा इंग्रज विसरला नव्हता. त्यात २ डिसेंबर १९११ रोजी खुद्द बादशहा अपोलो बंदरावर उतरणार आणि १२ तारखेला दिल्लीत दरबार भरणार. अशा वर्षी रुपयावरून कुजबूजही परवडणारी नव्हती.

संग्राहकाला मात्र हा बदनाम हत्ती मोठा उपयोगी पडतो. १९११ चा रुपया म्हटला की आखूड सोंडच हवी, १९१२ पासून पुढे लांब सोंड. लबाड लोक १९१७ च्या साताचे डोके घासून एक करतात. १९१८ सालचे तर दोन्ही टांकसाळींनी मिळून ४० कोटींहून अधिक रुपये पाडले होते, म्हणजे त्या काळच्या साध्या रुपयाला तोटा नाही. पण साल बदलता आले तरी झग्यावरचा हत्ती बदलता येत नाही. दहापट भिंग लावा, आधी हत्ती पाहा, मग साल. मागच्या बाजूला वेलपत्तीत तळाशी कमळ आहे. त्याखाली बारीक ठिपका असेल तर नाणे मुंबईचे, नसेल तर कोलकात्याचे. मधोमध उर्दू अक्षरांत 'यक रुपिया' लिहिले आहे. आमच्या वर्गातली मुले ते अडखळत का होईना वाचतात, आणि इंग्रजांच्या पैशावर आपली लिपी पाहून त्यांना नवल वाटते.

ओतीव नकलीही असतात. त्यांची अक्षरे बोथट, पृष्ठभागावर सुईच्या टोकाएवढी छिद्रे, आणि कडेच्या दात्यांवरून फिरलेली सांध्याची रेघ. अस्सल रुपया ११.६६ ग्रॅमचा, त्यात सुमारे ९१.७ टक्के चांदी. वापराने झिजून थोडे कमी भरेल, जास्त भरला तर शंका घ्यावी. दोऱ्याला बांधून पाण्यात बुडवला तर सुमारे १.१३ ग्रॅम पाणी सारतो. लोहचुंबकाला चिकटला तर पुढे तपासायची गरजच नाही.

हे वजन म्हणजे बरोबर एक तोळा. जकातीचा चांदीचा निसाब साडेबावन्न तोळे, म्हणून आमचे बुजुर्ग तो रुपयांवर मोजत, तराजूची गरज नसे. (नाण्यातले तांबे वजा करायचे का? चांदी जास्त असेल तर सगळे चांदीच धरावे, असे हनफी फिकह सांगते.)

आपल्या घरांतून हे रुपये बहुधा हारात सापडतात. आजीच्या पेटीतल्या हारातला प्रत्येक रुपया कडेला कडी डाग दिलेला असतो. संग्राहक त्याची किंमत पाडतो, कारण डाग काढून, भोक बुजवून कड पुन्हा घासली तरी भिंगाखाली ती जागा दिसतेच. माझे मत विचाराल तर कडी काढू नये. विक्रेते हा रुपया अतिदुर्मिळ म्हणून विकतात, पण तो दुर्मिळ असला तरी अगदी मिळेनासा नाही. शोधणाऱ्याला मिळतो. खरोखर क्वचित सापडतो तो न झिजलेला, ज्यावर हत्तीच्या पाठीचा उठाव शाबूत आहे असा.

आणखी एक गोष्ट. १९७२ च्या पुरावस्तू कायद्यात शंभर वर्षांहून जुनी नाणी पुरावस्तू ठरतात. २०११ साली या रुपयाने शंभरी ओलांडली. तेव्हा गल्फमधल्या भावाला भेट म्हणून तो पाठवू नये, देशाबाहेर नेण्याची खाजगी माणसाला मुभा नाही.