बाळंतिणीची खोली

महाराष्ट्रातील बाळंतपणाचा इतिहास मुख्यतः घराच्या आतल्या अंगाला असलेल्या एका अंधाऱ्या खोलीत घडला. वाऱ्याचा झोत लागू नये म्हणून तिचे झरोके बुजवलेले असत, बाजेखाली शेकासाठी निखाऱ्यांची शेगडी धगधगत असे आणि ओवा व बाळंतशेपा यांची धुरी आई आणि मूल दोघांनाही दिली जाई. पहिले दहा दिवस सोयर, म्हणजे जन्मामुळे घराला येणारे अशौच, पाळले जाई आणि त्यानंतरही सव्वा महिना बाळंतिणीने चुलीला व पाण्याला हात लावू नये असा दंडक असे. एरवी पहाटेपासून जात्याला जुंपलेल्या सुनेला विश्रांतीच्या नावाने जी उसंत कधी मिळाली नसती, ती विटाळाच्या नावाने मिळे.

या खोलीतला आहार विचारपूर्वक ठरलेला होता. अळिवाची खीर, डिंक, खारीक व खोबरे घातलेले लाडू, मेथी, सुंठ, खसखस आणि साजूक तूप यांतून रक्तस्रावाने व प्रसवश्रमाने खंगलेल्या शरीराला ऊर्जा, स्निग्धांश आणि विशेषतः अळिवातून लोह मिळे. बाळासाठी सहाणेवर गुटी उगाळली जाई. वेखंड, हळकुंड, जायफळ, हिरडा, मुरडशेंग यांचे किती वेढे द्यायचे, म्हणजे प्रत्येक मुळी वा फळ दगडावर किती वेळा गोल फिरवायचे, हे बाळाच्या वयावर व पोटाच्या तक्रारीवर ठरे आणि ते माप आजीच्या हातातून लेकीच्या हातात जाई.

मात्र याच खोलीत घातक समजही नांदत होते. प्रसूतीनंतरच्या पहिल्या दाट, पिवळसर दुधाला चीक म्हणतात. तो जड मानून पिळून टाकला जाई आणि तोवर बाळाला मध किंवा गुळाचे पाणी चाटवले जाई. या समजुतीला केवळ अडाणीपणा म्हणणे अन्यायाचे होईल, कारण स्त्रीला दूध तिसऱ्या-चौथ्या दिवशी उतरते असे सुश्रुतसंहितेतच सांगितले असून तोपर्यंत मध-तुपाची योजना केली आहे. चिकातील रोगप्रतिकारक द्रव्यांचे ज्ञान फार पुढच्या काळातले आहे.

नाळ कापण्याचे काम सुईणीकडे असे. ते विटाळाचे मानले गेल्यामुळे अनेक गावांत ती तथाकथित खालच्या जातीतली असे. जिच्या हातांवर बाळंतिणीचा जीव सोपवला जाई, तिला पुढे त्याच घराच्या स्वयंपाकघरात प्रवेश नसे. हाताशी असेल त्या विळ्याने नाळ कापली जाई आणि त्यातून नवजात बालकाला धनुर्वात होई, जो बहुधा पहिल्या दोन आठवड्यांत प्रकट होतो. पाचवी-सहावीच्या रात्री दिवा तेवत ठेवून, पाटावर कोरा कागद व लेखणी मांडून सटवाईची पूजा करीत जागण्याची प्रथा नेमक्या याच धोक्याच्या दिवसांत येते. बाळे केव्हा दगावतात हे समाजाने अचूक हेरले होते, पण का दगावतात हे विळ्याच्या पात्यावर त्याला दिसले नव्हते.

शिवाय ही खोली सर्वांची कधीच नव्हती. विधवेच्या पोटी वाढणाऱ्या गर्भासाठी ना लाडू होते ना शेगडी, आणि म्हणूनच 1863 मध्ये जोतीराव व सावित्रीबाई फुले यांना पुण्यात बालहत्या प्रतिबंधक गृह काढावे लागले. शेतमजूर स्त्रीला सव्वा महिना परवडत नसे. मुंबईच्या गिरण्यांत कामाला जाणाऱ्या आया बाळाने दिवसभर झोपून राहावे म्हणून त्याला बाळागोळी, म्हणजे अफूची गोळी, देत; सहाणेवरच्या गुटीसाठी लागणारी सवड आणि घरात थांबणारी वडीलधारी बाई, दोन्ही त्यांच्यापाशी नसत. 1928 च्या जुलैमध्ये मुंबई विधिमंडळात प्रसूतिलाभ विधेयकाच्या बाजूने बोलताना डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी मातेला विश्रांती मिळणे हे राष्ट्राच्या हिताचे असल्याचे मांडले. पुढच्या वर्षी झालेल्या कायद्याने जे श्रीमंताघरच्या रूढीत होते ते कारखान्यातल्या बाईला हक्क म्हणून देऊ केले, तरी खुरपे घेऊन दुसऱ्याच्या बांधावर जाणारी बाई त्याच्या कक्षेबाहेरच राहिली.

तिच्या दारापर्यंत उपचार नेण्याचा प्रयत्न पुढे गडचिरोलीत झाला. डॉ. अभय व डॉ. राणी बंग यांच्या ‘सर्च’ या संस्थेने 1990 नंतरच्या दशकात 39 गावांत गावातल्याच स्त्रियांना आरोग्यदूत म्हणून शिकवले आणि 1999 मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासानुसार तेथील नवजात बालकांचे मृत्यू तिसऱ्या वर्षापर्यंत सुमारे 62 टक्क्यांनी घटले. बाळंतिणीच्या खोलीत बाहेरच्याने येऊ नये हा दंडक गावची बाई असल्यामुळे आरोग्यदूताच्या आड आला नाही. ती ताणकाट्याला झोळी लावून बाळ तोलते, श्वास मोजते आणि त्याला ऊब मिळेल असे गुंडाळते, म्हणजे शेगडीमागचा जुना हेतू ती सांभाळतेच. आणि मग पिळून टाकण्याआधीच चीक पाजण्यासाठी बाळाला आईच्या छातीशी लावते.